सुरक्षा-खटल्यांचे सरकारी वकील व्हायचे तर आधी बंदरावरचा पंचनामा शिका

रत्नागिरीच्या भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयातली किंवा अलिबागच्या दत्ता पाटील लॉ कॉलेजातली मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो. मॅडम, एनआयएच्या, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेच्या, बाजूने खटले चालवायचेत, सायबर दहशतवाद, हेरगिरी असले. तर दिल्लीला कधी जाऊ? ऐकून मला बरं वाटतं. आमच्या वेळी कोकणातला वकील म्हटलं की कूळकायदा, वाटपाचे दावे आणि बागेची हद्द एवढंच डोळ्यांपुढे यायचं. मी रायगड आणि रत्नागिरीच्या कोर्टांत सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून नोकरी केली, पुढे मुंबईत विशेष न्यायालयातल्या खटल्यांवर काम केलं, आता हर्णैला माहेरच्या घरी राहते. त्या अनुभवावरून सांगते, दिल्ली नंतर. आधी दापोली, श्रीवर्धन, मालवण अशा एखाद्या तालुक्याच्या कोर्टात फौजदारी बाजूला बसा.

फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली. टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या न्यायालयात पुढे जो खटला चालला, त्यात कस्टम आणि पोलीस खात्यातली माणसंही दोषी ठरली. माल कुठे उतरला, कोणी पाहिला, गाडी कोणी जाऊ दिली, हा कटाचा सगळा भाग आपल्या किनाऱ्यावर घडलेला. असा गुन्हा आज घडला तर पहिला कागद कोण लिहील? सागरी पोलीस ठाण्याचा एखादा हवालदार, जेट्टीवर, बर्फाच्या कारखान्यातल्या दोन कामगारांना पंच म्हणून उभं करून. गुन्हा नंतर एनआयएकडे जाईल. एनआयए कायद्याच्या कलम ६ प्रमाणे ठाण्याचा अहवाल राज्याकडून केंद्राकडे जातो आणि तो मिळाल्यापासून १५ दिवसांत केंद्र ठरवतं. पण तो पहिला पंचनामा बदलत नाही. मुंबईतल्या विशेष न्यायालयात चार वर्षांनी तोच वाचला जातो. म्हणून म्हणते, पंचनामा कसा होतो, कसा बिघडतो, पंच का फिरतात, मुद्देमाल कारकुनाच्या खोलीत काय अवस्थेत वस्तू पडलेल्या असतात, हे ज्याने डोळ्यांनी पाहिलेलं नाही त्याने सुरक्षेच्या खटल्याला हात घालू नये.

आता वाट कशी ते पटकन सांगते. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद, मग अखिल भारतीय बार परीक्षा. मॅजिस्ट्रेटच्या कोर्टातले सहायक सरकारी अभियोक्ता एमपीएससीमार्फत घेतले जातात. जाहिरात दरवर्षी येतेच असं नाही, त्यामुळे तिची वाट बघत घरी बसू नका, वकिली चालू ठेवा. सत्र न्यायालयातल्या सरकारी वकिलाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ प्रमाणे किमान ७ वर्षांची वकिली लागते, विशेष सरकारी वकिलाला १० वर्षं. एनआयएच्या खटल्यांसाठी एनआयए कायद्याचं कलम १५ आहे. तिथे ७ वर्षं वकिली किंवा कायद्याचं विशेष ज्ञान लागणाऱ्या सरकारी पदावर तेवढी नोकरी चालते. सीबीआयचे अभियोक्ते आणि भारतीय विधी सेवेतल्या जागा यूपीएससी भरते. नौदलात आणि लष्करात कायदा शाखा आहेत, त्यांना एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची, मुलाखत द्यावी लागते. एलएलएम केलंत तर वाईट नाही, पण माझं स्पष्ट मत असं की त्या दोन वर्षांत सत्र न्यायालयात रोज बसलेला ज्युनियर जास्त तयार होतो.

ज्यांना कोर्टात उभं राहायचं नाही, त्यांच्यासाठीही याच क्षेत्रात मोठं काम आहे. फोन ऐकण्याचे आदेश, संकेतस्थळ बंद करण्याचे आदेश, परदेशाकडे पुरावा मागणारी पत्रं, नवे नियम, हे सगळं मंत्रालयात कायद्याची माणसं तपासतात. तिथेही मी पुढे लिहिते तेच लागू आहे.

कामाचा गाभा नीट समजून घ्या. सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा वकील नाही. हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे इतकं स्वच्छ सांगितलं आहे की तो निकाल मी प्रत्येक ज्युनियरला पहिल्या आठवड्यात वाचायला देत असे. प्रश्न टाडाखाली कोठडीची मुदत वाढवण्याचा होता. न्यायालयाने म्हटलं की मुदतवाढीचा अहवाल सरकारी वकिलाने स्वतः विचार करून द्यायचा आहे. तपास अधिकाऱ्याने पाठवलेला कागद पुढे ढकलणारं टपाल कार्यालय त्याने व्हायचं नाही. आजच्या यूएपीएत, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, कलम ४३-ड तेच मागतं. ९० दिवसांत तपास संपला नाही तर १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, पण सरकारी वकिलाच्या अहवालावर. त्यात तपास कुठवर आला आणि याच आरोपीला कोठडीत का ठेवायचं, ही दोन्ही कारणं हवीत. शिवाय मुदतवाढीवर विचार होताना आरोपी न्यायालयासमोर हजर हवा, त्याला ते कळायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठासून सांगितलं.

व्यवहारात हे असं घडतं. ८८ व्या दिवशी संध्याकाळी तपास अधिकारी धावत येतात, हातात दोन पानी टाइप केलेला मजकूर. मॅडम, फक्त सही. सही करायची नाही. केस डायरी मागायची, बसून वाचायची, प्रश्न विचारायचे. प्रयोगशाळेकडे फोन कधी पाठवला, स्मरणपत्र कधी दिलं, परदेशी कंपनीकडून उत्तर यायचं असेल तर विनंती कोणत्या तारखेला गेली. उत्तरं मिळाली की आपल्या शब्दांत अहवाल लिहायचा. उत्तरं नसतील तर तसं सांगायचं. अधिकारी रागावतात. रागावू द्या. ज्या अधिकाऱ्याला मी मुदतवाढीला नकार दिला होता, त्यानेच पुढच्या गुन्ह्यात साठाव्या दिवशी डायरी आणून दाखवली. म्हणून आता नियमच करा. मोठा गुन्हा तुमच्याकडे आला की पहिल्या दिवशी एक कागद घ्या आणि त्यावर अटकेची तारीख, साठावा, नव्वदावा, एकशेऐंशीवा दिवस लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. मोबाईलच्या कॅलेंडरवर विसंबू नका.

त्याच कागदावर खटला भरायला लागणाऱ्या सरकारी मंजुऱ्या लिहा. सुरक्षेचे खटले भाषणांवर हरत नाहीत, मंजुरीवर हरतात. यूएपीएत कलम ४५ ची मंजुरी लागते. तिच्या २००८ च्या नियमांत शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्याला ७ कामाचे दिवस आणि मंजुरी देणाऱ्या सरकारला आणखी ७ कामाचे दिवस आहेत. या मुदती पाळायच्याच आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितल्यापासून ढिलाईला जागाच उरलेली नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ३ च्या गुन्ह्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी, म्हणजे कलेक्टर कचेरीत खेटे. स्फोटक पदार्थ कायद्याला वेगळी संमती. शासकीय गुपिते कायदा, १९२३ लावला असेल तर नुसतं आरोपपत्र पुरत नाही, कलम १३ प्रमाणे सरकारच्या अधिकाराने केलेली तक्रार हवी. आणि मंजुरी देणाऱ्यापुढे कोणकोणते कागद ठेवले होते याची यादी मागून घ्याच. उलटतपासात पहिला प्रश्न तोच असतो: तुम्ही काय वाचून मंजुरी दिलीत?

आता तंत्रज्ञान. इथे मुलं दोन प्रकारची भेटतात. एक घाबरणारी, दुसरी आपल्याला सगळं येतं असं मानणारी. दोघांनाही मी एकच गृहपाठ देते. मोबाईलमधला एक फोटो तारेने संगणकावर घ्या. त्याची एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारा तिचा ठसा, काढा. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासून असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. चौसष्ट अक्षर-अंकांची ओळ येईल, ती लिहून ठेवा. तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून मैत्रिणीला पाठवा, तिच्याकडून उतरवून पुन्हा हॅश काढा. ओळ पूर्ण बदललेली दिसेल, कारण व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. डोळ्याला दोन्ही फोटो सारखेच. मग पंचनाम्याचे फोटो हवालदाराने ठाण्याच्या ग्रुपवर टाकले आणि तिथून छापून आरोपपत्राला जोडले, तर मूळ फोटो कोणता, या बचावाच्या प्रश्नाचं वजन तुम्हाला आपोआप कळेल.

हॅश आता कायद्याच्या कागदातच आहे. संगणकीय पुराव्याबद्दलचं जुन्या पुरावा कायद्यातलं ६५-ब म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३. त्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, अ आणि ब. अ भाग उपकरण किंवा नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, ब भाग तज्ज्ञाने. दोन्हीत हॅश आणि ती कोणत्या पद्धतीने काढली ते लिहायचं. हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, हे अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात १४ जुलै २०२० ला ठरलं. ते प्रकरण आपल्या जालन्याच्या निवडणुकीचं, त्यातल्या चित्रीकरणाच्या सीडीचं. दहशतवादाशी काही संबंध नाही. तरी आज प्रत्येक सुरक्षा-खटल्यात तो निकाल वाचला जातो. म्हणून फक्त यूएपीएचेच निकाल वाचणारा वकील अर्धाच तयार राहतो. टोल नाक्याचं चित्रीकरण, मोबाईल कंपनीचा सीडीआर म्हणजे कॉलच्या नोंदी, लॉजचं रजिस्टर संगणकावर असेल तर ते, प्रत्येकासाठी प्रमाणपत्र वेगळं. मागणीपत्र आजच पाठवा, कारण कंपन्या आणि लॉजवाले नोंदी कायम ठेवत नाहीत.

कोकणात काम करणाऱ्याला आणखी दोन गोष्टी आल्या पाहिजेत आणि त्या कुठल्या अभ्यासक्रमात नाहीत. पहिली म्हणजे वेळ. जहाजांच्या एआयएस नोंदी (जहाज आपली जागा आपोआप कळवतं त्या यंत्रणेच्या) आणि बरीचशी सर्व्हरची लॉग जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपला सीडीआर भारतीय वेळेत. फरक साडेपाच तासांचा. दोन्ही तक्ते शेजारी लावले तर रात्री बाराला बंदरात असलेला माणूस त्याच वेळी समुद्रात दिसायला लागतो. तपास अधिकाऱ्याला प्रत्येक नोंदीपुढे कोणती वेळ ते लिहायला लावा.

दुसरी गोष्ट अक्षांश-रेखांशाची. तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या कप्तानाच्या, जीपीएसवर आकडा बहुतेकदा अंश आणि मिनिटांत दिसतो, उदाहरणार्थ १७ अंश ४८.५ मिनिटं उत्तर. संगणकावरच्या नकाशात तो दशांश अंशांत टाकायचा तर १७.८०८ होतो. एका प्रकरणात तोच आकडा पंचनाम्यावरून नकाशात १७.४८५ असा गेला होता. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. बोट नकाशावर १९ सागरी मैलांहून जास्त दक्षिणेला सरकली होती, म्हणजे जवळपास ३६ किलोमीटर! आपलं प्रादेशिक पाणी १२ सागरी मैलांपर्यंत. रेखांशात अशी गल्लत झाली असती तर गुन्हा आपल्या हद्दीत घडला की बाहेर, हाच वाद पेटला असता. तो आकडा आरोपपत्र जाण्याआधी सापडला, कारण हर्णैच्या एका तांडेलाने जीपीएस हातात घेऊन मला आकडे कसे वाचायचे ते दाखवलं होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्याला ओढलेल्या असतात, तांडेल आणि खलाशी घरी असतात. विद्यार्थ्यांनी त्या दिवसांत बंदरावर जावं, विचारावं, वायरलेस सेट कसा चालतो, मतलई वाऱ्याने बोट किती ढळते, ते समजून घ्यावं. माणसं आनंदाने सांगतात.

भाषेचा फायदाही आपल्याकडे आहे. फिर्याद मराठीत, केंद्रीय यंत्रणेचे कागद हिंदी-इंग्रजीत, आरोपीच्या फोनमधलं बोलणं मालवणीत, दालदी मच्छीमारांच्या बोलीत किंवा गुजरातीत. मुंबईतला भाषांतरकार दर्यावर्दी बोली ऐकून भलताच अर्थ लावू शकतो आणि आरोप त्या अर्थावर उभा राहू शकतो. ध्वनिमुद्रण स्वतः ऐका. अटकेची कारणं आरोपीला लेखी द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात यूएपीएसाठीही सांगितलं. फक्त मराठी जाणणाऱ्या खलाशाच्या हातात इंग्रजी कागद देऊन ते काम झालं असं समजू नका.

फोन ऐकण्याच्या प्रकरणांवर जरा थांबते, कारण तिथे तरुण वकिलांचा तोल जातो. संभाषण इतकं स्पष्ट असतं की ते कोर्टात वाजवलं की झालं, असं वाटतं. पण आधी आदेश बघा. कोणी दिला, कोणत्या कारणासाठी, पुनर्विलोकन समितीपुढे गेला का. पीयूसीएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये फोन ऐकण्यावर घातलेल्या अटी, खासगीपणाच्या हक्काचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आणि आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे २०२४ चे नियम, हे तिन्ही सलग वाचा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात असे आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली होती. पुरावा खरा होता की खोटा, इथपर्यंत गोष्ट गेलीच नाही.

आणि ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हे शब्द उच्चारले की न्यायाधीश मान डोलावतील, अशी समजूत असेल तर एप्रिल २०२३ चा मीडियावन वाहिनीचा निकाल वाचा. नुसता दावा चालत नाही, आधार दाखवावा लागतो. बंद लखोट्यातून कागद देऊन दुसऱ्या बाजूला अंधारात ठेवायचं तर त्याचं समर्थन द्यावं लागतं. मला हा निकाल सरकारी वकिलाच्या बाजूचा वाटतो. कारण यंत्रणेला आपण सांगू शकतो की साहेब, ठोस द्या, नाहीतर हे टिकणार नाही. साक्षीदाराच्या जिवाला खरोखर धोका असेल तेव्हा एनआयए कायद्याचं कलम १७ आहे. ओळख लपवता येते, बंद दाराआड साक्ष घेता येते. ते जपून वापरा, म्हणजे गरजेच्या वेळी मिळतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ बेवारस बोट लागली आणि तिच्यात एके-४७ रायफली सापडल्या. दुपारपर्यंत सगळा रायगड हादरला होता. त्याच दिवशी विधिमंडळात सांगितलं गेलं की बोट ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, मस्कतहून युरोपकडे निघालेली, बिघडल्यावर सोडून दिलेली आणि वाहत आलेली. किनारा संवेदनशील आहे, घबराट समजते. पण अशा दिवशी ठाण्यातून फोन आला तर सरकारी वकिलाचं काम ठरलेलं: कोणतं कलम लावता येईल हे न सांगता, काय काय सीलबंद करा, चित्रीकरण कसं करा, बोटीवरचं कोणतं यंत्र चालू किंवा बंद करू नका, हे आधी सांगा. झडती-जप्तीचं दृक्-श्राव्य चित्रीकरण आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे करायचंच आहे. कलम चुकीचं लागलं तर नंतर सुधारता येतं. चालू यंत्र बंद केल्यावर गेलेली नोंद परत आणता येत नाही.

उच्च न्यायालयात बसायची सवय तालुक्यात असतानाच लावा. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातात. आंबा घाट चढून जाणं मुंबईच्या रात्रभराच्या प्रवासापेक्षा खूप सोपं झालंय. रायगडकरांना मुंबईच. विशेष न्यायालयाच्या जामिनाच्या आदेशावरची अपिलं दोन न्यायमूर्तींपुढे चालतात, ती मुंबईत जाऊन ऐका. वताली प्रकरणाचा २०१९ चा आणि नजीब प्रकरणाचा २०२१ चा, हे यूएपीएतल्या जामिनावरचे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल दोन्ही बाजू कशा वापरतात ते वहीत लिहीत चला. नजीबमध्ये खटला लांबल्याने जामीन मिळाला, हे सरकारी बाजूच्या माणसाने मनावर कोरून ठेवावं. चारशे साक्षीदारांची यादी देण्याची हौस तिथेच महाग पडते. कोणते साठ पुरेत, हे ठरवणं सरकारी वकिलाचं काम आहे, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड काम तेच.

घरच्यांशी आधी बोलून घ्या. प्रकरण कोणतं, साक्षीदार कोण, हे घरीही सांगता येत नाही. कामाचा फोन वेगळा ठेवा, आरोपपत्राचं पानही कोणत्या ग्रुपवर टाकू नका, फायली खासगी ईमेलवर मागवू नका.

आणि कधी तरी पत्र येईल, अमुक खटल्यात तुमची नेमणूक करतो म्हणून. होकार देण्याआधी बघा की आरोपींपैकी किंवा साक्षीदारांपैकी कोणाचं वकीलपत्र तुम्ही कधी घेतलं होतं का. असेल तर लेखी कळवा. अधिसूचनेत खटल्याचा क्रमांक आणि न्यायालय बरोबर आहे ना, ते तपासा. एक तांत्रिक जाण असलेला ज्युनियर मागा. आरोपपत्र वाचायला आणि मुद्देमाल स्वतः पाहायला वेळ मागा, तोही लेखी. हे मिळालं की अधिसूचनेची प्रत कोर्टात दाखल करा, रोजनाम्यात तशी नोंद झाली का ते संध्याकाळी शिरस्तेदारांकडे जाऊन बघा, आणि मग पहिला पंचनामा उघडा.